आर्किटेक्टनं ग्रीन डिझाइन दिलं, मग इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचं काम काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात वर्धा रोडला तळमजला अधिक पाच मजल्यांची ऑफिस इमारत बांधायची आहे, दर मजला साधारण 600 चौरस मीटर. आर्किटेक्टनं ग्रीन मानांकनाच्या हिशेबानं डिझाइन दिलं आहे. स्ट्रक्चर, एसी, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचे कन्सल्टंट वेगवेगळे आहेत. यावर आणखी इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची टीम नेमली तर इमारत खरंच जास्त ग्रीन होते, की नुसतं कागदकाम वाढतं?

कागदकाम वाढतंच. फायदा होतो की नाही हे त्या टीमला कोणतं काम सांगता यावर ठरतं. रोज साइटवर किती मजूर आले आणि काम किती दिवस मागे पडलं एवढंच लिहिणारी टीम हवी असेल तर पैसे वाया गेले समजा. खरी गळती होते ती दोन कन्सल्टंटांच्या मधल्या जागेत. काच आर्किटेक्ट निवडतो, पण तिचा फायदा एसीवाल्याच्या हिशेबात उतरावा लागतो. गच्चीवरचं इन्सुलेशन कागदावर ऊर्जेचा विषय असतो, पण त्याच्यावरच्या कोब्याचं वजन स्ट्रक्चरवाल्याला लागतं आणि त्यानं वाढणारी जाडी पाण्याचे उतार काढणाऱ्याला. प्रत्येकानं आपलं काम चोख केलं, तरी आकडा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचला नाही तर इमारत ग्रीन होत नाही, नुसती महाग होते.

काचेचंच घ्या

तुमच्या इमारतीला रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला, 100 चौरस मीटर काच आहे असं धरू. बाजारातल्या साध्या टिंटेड काचेचा एसएचजीसी 0.50 च्या आसपास धरता येतो. म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला निम्मा भाग उष्णता होऊन आत येतो. 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, म्हणजे ईसीबीसीमध्ये, नागपूर संमिश्र हवामानाच्या गटात मोडतं आणि उत्तर सोडून बाकी दिशांना 0.27 ची कमाल मर्यादा आहे. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला 600 वॅट ऊन धरलं, तर दोन काचांमधला फरक 0.23 गुणिले 600 गुणिले 100, म्हणजे 13,800 वॅट. एसीच्या भाषेत एक टन थंडावा म्हणजे 3.517 किलोवॅट, तेव्हा हा फरक जवळजवळ 4 टनांचा झाला.

आता इथे दोन उलट चुका होतात. पहिली: काच चांगली घेतली, पण एसी कन्सल्टंटनं हीट लोड चार महिन्यांपूर्वी जुन्या काचेवर काढलेला असतो आणि नवीन काचेची शीट त्याला कुणी पाठवलेली नसते. मग काचेचे जादा पैसेही जातात आणि 4 टनांचं मशीनही जास्तीचं लागतं. दुसरी: हीट लोड चांगल्या काचेवर काढून मशीन लहान केलं, आणि खरेदीच्या वेळी ठेकेदारानं ‘समतुल्य’ म्हणून रंगानं तशीच दिसणारी स्वस्त काच बसवली. मेअखेरचा नवतपा लागला की पश्चिमेच्या केबिनमधून तक्रारी सुरू होतात आणि सगळे एसीवाल्याला धरतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच: तो 0.27 चा आकडा कुणाच्याच ताब्यात नव्हता.

म्हणून मॅनेजमेंटचं पहिलं काम म्हणजे एक साधी आकडेवही उघडणं. एक्सेलची एक शीट पुरते. तिच्यात दहा-पंधरा ओळींपेक्षा जास्त नको: काचेचा एसएचजीसी आणि आत येणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण, भिंतीचं यू-मूल्य (तिच्यातून किती उष्णता आत येते ते, जितकं कमी तितकं चांगलं), छताचं यू-मूल्य, दिव्यांचे चौरस मीटरला वॅट, खोलीचं ठरलेलं तापमान, ताज्या हवेचं प्रमाण, एसीची कार्यक्षमता, काँक्रीटच्या घनमीटरला सिमेंट, माणशी पाणी, मुरवायचं पावसाचं पाणी, सोलरचे किलोवॅट. प्रत्येक ओळीसमोर सहा गोष्टी लिहायच्या. आकडा काय, कुणाचा, कोणत्या नकाशांत तो वापरला गेला, बीओक्यूच्या, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या यादीच्या, कोणत्या बाबीत तो शब्दशः उतरला, साइटवर तो कसा तपासायचा, आणि तो बदलायचा अधिकार कुणाला. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा सोडला जातो.

ही वही मंजुरीचे नकाशे महापालिकेत किंवा नासुप्रत, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासात, जाण्याआधी उघडायला हवी, कारण इमारतीचं तोंड, खिडक्यांच्या जागा, जिन्या-लिफ्टचा गाभा हे मंजुरीनंतर हलवणं म्हणजे सुधारित नकाशे, पुन्हा शुल्क आणि गेलेले महिने. सगळे कन्सल्टंट एका टेबलावर एक पूर्ण दिवस बसले तरी तेवढं काम होतं. त्या दिवशी ठरवायच्या गोष्टी फुकटच्या असतात. उदाहरणार्थ, जिना, लिफ्ट, टॉयलेट आणि शाफ्ट पश्चिमेला ढकलले तर ऊन त्या बिनाएसीच्या भागावर पडतं. नागपूर 21.15 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमाराला भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे 69 अंश उंचीवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या 1.2 मीटर उंच खिडकीला 450 ते 500 मिलिमीटरचा छज्जा पूर्ण सावली देतो. पश्चिमेला तोच छज्जा निरुपयोगी, कारण तिथे सूर्य खाली उतरून समोरून येतो. तिथे उभे पंख, जाळी किंवा मुळात लहान खिडकी हवी. चारही बाजूंना सारखाच छज्जा काढलेला नकाशा दिसला की ओळखायचं, सूर्याचा हिशेब कुणी केलेला नाही.

गच्चीवर सगळ्यांचा हक्क

सहा मजल्यांच्या इमारतीत सगळ्यात मोठं भांडण गच्चीवर होतं, आणि ते बहुतेक वेळा काम संपत आल्यावर उघडकीला येतं. तुमची गच्ची 600 चौरस मीटर. लिफ्टची खोली, जिना, पिण्याच्या आणि आगीच्या पाण्याच्या टाक्या यांना 110 गेले. एकूण 3,600 पैकी 2,500 चौरस मीटर वातानुकूलित धरलं आणि 20 चौरस मीटरला एक टन असा ढोबळ हिशेब केला, तर 125 टन. त्यांची आउटडोअर युनिट आणि भोवतीची मोकळी जागा मिळून 100. फिरायला आणि फायर ब्रिगेडला 90. उरले 300. सोलरला किलोवॅटमागे साधारण 10 चौरस मीटर लागतात, म्हणजे 30 किलोवॅट. ब्रोशरमध्ये 80 किलोवॅट छापून झालेले असतात ते वेगळंच.

हा हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो. 30 किलोवॅटचं सोलर दिवसाला किलोवॅटमागे सरासरी 4 युनिट धरून वर्षाला 43,800 युनिट देईल. इमारत चौरस मीटरला वर्षाला 100 युनिट खात असेल तर एकूण गरज 3,60,000. म्हणजे सोलरनं भागतात 12 टक्के. बाकी 88 टक्क्यांचं जे काही करायचं ते काच, भिंत, छत, दिवे आणि एसी इथेच करावं लागतं. सोलर सगळ्यांना दिसतं म्हणून मालक आधी तेच मागतो. क्रम उलटा हवा.

गच्चीचा म्हणून एकच नकाशा काढायला लावा, त्यावर सगळ्यांच्या वस्तू एकाच मापात, सावल्यांसकट. टाकीची सावली पॅनेलवर पडते का, आउटडोअर युनिटची गरम हवा शेजारच्या युनिटच्या तोंडात जाते का, पॅनेल धुवायला नळ आहे का. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या धुळीत नळ नसला तर पॅनेल धुतलेच जात नाहीत. युनिटांच्या गरम हवेचं तर आणखी वाईट. सावली मिळावी म्हणून पॅनेलचा मांडव युनिटांच्या डोक्यावर टाकला आणि वर हवा निघायला जागा ठेवली नाही, की बाहेर 45 अंश असताना युनिट त्याहून गरम हवा ओढतं आणि क्षमता नेमकी हवी त्या दिवशी घसरते.

छताचं गणित सोपं आहे. 150 मिलिमीटर आरसीसी स्लॅब, वर 100 मिलिमीटर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि खालून प्लास्टर, एवढ्यावर यू-मूल्य 2.2 च्या आसपास येतं. निवासी इमारतींसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेत छताला कमाल 1.2 ची मर्यादा आहे. ती 25 मिलिमीटरच्या एक्सपीएस, म्हणजे कडक फोमच्या, बोर्डानं सहज पार होते, 0.78 येतं. ऑफिसला ईसीबीसी 0.33 मागते. बोर्डाची उष्णतावाहकता 0.03 धरली तर 75 मिलिमीटरला 0.34 येतं, म्हणजे थोडक्यात हुकतं, आणि 80 ला बसतं. बीओक्यूमध्ये नुसतं ‘75 मिमी इन्सुलेशन’ लिहून मोकळे होणारे इथेच फसतात. वर पांढरा चिनी मोझॅक किंवा परावर्तक रंग हवा. ईसीबीसी सपाट छताला किमान 0.60 परावर्तन मागते. आणि हे सगळं काम मेअखेर संपायला हवं. जूनच्या पहिल्या सरींत भिजलेल्या कोब्यावर वॉटरप्रूफिंग केलं तर ओल आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे उभे राहतात. म्हणजे छताचं यू-मूल्य काम कोणत्या महिन्यात झालं यावरही अवलंबून असतं, आणि महिना ठरवणारा माणूस डिझाइनर नसतो.

भिंतीत एक गैरसमज आपल्याकडे फार आहे: फ्लाय अॅशची, म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेची, वीट लावली की थंड भिंत. तसं नाही. फ्लाय अॅशच्या विटेनं सुपीक माती आणि भट्टीतला कोळसा वाचतो, हे खरं आणि मोठं आहे. पण 230 मिलिमीटरच्या भिंतीतून उष्णता मातीच्या विटेइतकीच, यू-मूल्य 2 च्या आसपास, आत येते. उष्णता अडवायची तर 200 मिलिमीटरचा एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा), 0.75 च्या आसपास. तोही 3 मिलिमीटरच्या पातळ सांध्याच्या गोंदानं जोडलेला. मिस्त्री सवयीनं 12 मिलिमीटरचा सिमेंट-रेतीचा मसाला भरतो आणि प्रत्येक सांधा उष्णतेची गल्ली होतो. ब्लॉक पाण्यात बुडवून लावले तर वाळताना आकसतात, आणि कॉलम-बीमच्या सांध्यावर फायबर जाळी नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात प्लास्टरला केसासारख्या चिरा. आणि मधेच कुणी ‘अॅल्युमिनियम फॉर्मवर्क घेऊ, लवकर होतं’ म्हणून सगळ्या भिंती 160 मिलिमीटर काँक्रीटच्या केल्या, तर यू-मूल्य 3 च्या वर जातं. वेळापत्रकाचा म्हणून घेतलेला निर्णय इमारतीचं विजेचं बिल कायमचं ठरवतो. अशा निर्णयाला आकडेवहीतून जावंच लागेल एवढी अट असली तरी पुष्कळ झालं. फॉर्मवर्क घ्या, पण मग बाहेरून इन्सुलेशनचे पैसेही त्याच कागदावर धरा.

काँक्रीट आणि राख

कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीज केंद्रं दारात असताना नागपुरात राख न वापरणं म्हणजे विहिरीजवळ राहून टँकर मागवणं. हिशेब पाहा. एम25 काँक्रीटच्या घनमीटरला 350 किलो बाइंडर, म्हणजे सिमेंटसारखा चिकटवणारा माल, धरलं आणि त्यातलं 30 टक्के ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, काढून फ्लाय अॅश घातली, तर 105 किलो सिमेंट वाचतं, म्हणजे साधारण 90 किलो कार्बन डायऑक्साइड. तुमच्या इमारतीत 1,300 घनमीटर काँक्रीट धरलं तर 117 टन. वर काढलेलं 30 किलोवॅटचं सोलर, युनिटला 0.7 किलो धरून, वर्षाला 31 टन वाचवतं. म्हणजे काँक्रीटच्या एका निर्णयात सोलरची जवळजवळ चार वर्षं आहेत, आणि तीही पहिल्याच वर्षी.

मग सगळे का करत नाहीत? कारण राखेचं काँक्रीट सुरुवातीला हळू घट्ट होतं. ताकद तपासायला ओतलेली सात दिवसांची क्यूब कमी येते, साइट इंजिनिअर घाबरतो, सेंट्रिंगवाला प्लेटा सोडायची घाई करतो. आयएस 456 मध्ये 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवायला सांगितलं आहे, पण ते साध्या ओपीसीसाठी. मिश्र सिमेंटला तो काळ त्याप्रमाणे वाढवायचा असतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा आणखी उशीर. डिझाइनरनं 30 टक्के राख लिहिली आणि प्लॅनिंगवाल्यानं 10 दिवसांची स्लॅब सायकल लिहिली, तर साइटवर जिंकते ती सायकल. राख गुपचूप कमी होते आणि मानांकनाच्या फाइलमध्ये 30 टक्केच राहते.

याचा तोडगा तांत्रिक कमी आणि नियोजनाचा जास्त आहे. पाया, राफ्ट, रिटेनिंग वॉल यांच्यावर पूर्ण वजन यायला महिने असतात, तिथे राख जास्त ठेवा आणि ताकद 28 ऐवजी 56 दिवसांच्या क्यूबवर स्वीकारा. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून टेंडरच्या आधी लेखी घ्या. स्लॅबला प्रमाण थोडं कमी ठेवा. टेकूंचा एक जास्तीचा संच बजेटमध्येच धरा. साइटवर त्यासाठी कुणीही पैसे देत नाही. प्लेटा कधी सोडायच्या ते ठरवायला स्लॅबशेजारीच, त्याच उन्हा-थंडीत ठेवलेल्या क्यूब वापरा, प्रयोगशाळेतल्या टाकीतल्या नव्हेत. आणि एक चूक वारंवार होते ती इथेच टाळा: पीपीसी जातीच्या सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख कारखान्यातच घातलेली असते. त्यावर साइटवर आणखी राख टाकली तर एकूण प्रमाण कुणालाच माहीत नसतं. राख वेगळी घालायची तर सिमेंट ओपीसीच, आणि मिक्स डिझाइन त्याच गिट्टी-रेतीवर केलेलं. कन्हानच्या रेतीवर केलेलं डिझाइन पाचगावच्या खदानीच्या क्रश सँडवर तसंच चालवलं तर पाण्याची मागणी वाढते, ड्रायव्हर ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाणी ओततो आणि सगळं गणित बिघडतं.

उन्हाळ्यात आणखी एक. हवेचं तापमान 40 च्या वर गेलं की आयएस 7861 ते उष्ण हवामानातलं काँक्रीट मानतो, म्हणजे नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक रोज. स्लॅब संध्याकाळी सहानंतर धरायचा, गिट्टीवर सावली आणि पाण्याचा फवारा, गरज पडली तर पाण्यात बर्फ. मिश्र सिमेंटला अशा हवेत तराई, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, 14 दिवस. 600 चौरस मीटरच्या स्लॅबवर वाफे करून 25 मिलिमीटर पाणी उभं केलं तर एका भरण्याला 15,000 लिटर, आणि रोज 10 मिलिमीटर जरी उडालं तरी दिवसाला 6,000 लिटर. ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक अंथरलं तर याचा थोडाच भाग लागतो. तराईला प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालतं, चाचणी आयएस 456 च्या मर्यादेत बसत असेल तर. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत हवं. सगळ्यात चांगलं म्हणजे मेअखेरचे दिवस स्लॅबला न देता आतल्या ब्लॉकच्या कामाला देणारं वेळापत्रक.

पाणी: बाग, खड्डा आणि पाया

नागपुरात वर्षाला सरासरी 1,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. 600 चौरस मीटर गच्चीवरून 0.85 गुणांकानं वर्षाला 510 घनमीटर पाणी मिळतं. फाइलमध्ये हा आकडा छान दिसतो. पण पुनर्भरणाचा खड्डा या आकड्यावर काढत नाहीत. तासाला 50 मिलिमीटर पडलं तर एका तासात 30 घनमीटर येतं, ते कुठे जाणार हा खरा प्रश्न. काळ्या मातीत खड्डा खणून गिट्टी-रेती भरली की पहिल्या दोन पावसांत तो भरतो आणि मग तुंबून राहतो, कारण ओली काळी माती पाणी सोडतच नाही. काळी माती ओलांडून मुरूम किंवा भेगांच्या खडकापर्यंत जाणारं पुनर्भरण बोअर, त्याआधी गाळणीची टाकी आणि पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर काढणारी झडप, एवढं असलं तरच पाणी मुरतं.

आणि इथे तिघांचं एकत्र बसणं खरोखर लागतं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. प्लंबिंगवाल्यानं खड्डा कोपऱ्यातल्या फूटिंगजवळ दाखवला, लँडस्केपवाल्यानं प्लिंथला चिकटून हिरवळ आणि ठिबक दिलं, आणि स्ट्रक्चरवाल्याला दोन्ही नकाशे दाखवले नाहीत, तर दोन-तीन पावसाळ्यांत प्लिंथ आणि फरशी उचलली जाते. खड्डा आणि बाग पायापासून किती दूर हवी ते माती परीक्षणाच्या अहवालावरून स्ट्रक्चरल इंजिनिअरनं नकाशावर रेघ मारून द्यावं. प्लिंथभोवती पाणी न झिरपणारा पट्टा त्याच नकाशात. जाता जाता: 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी परिसरात पुराचं पाणी शिरलं त्यानंतर मुख्य इलेक्ट्रिक पॅनेल आणि पंप बेसमेंटमध्ये ठेवायचे असतील तर त्याची सही मालकाकडून वेगळी घ्या. पाण्यात गेलेलं पॅनेल बदलणं कोणत्याही हिशेबानं शाश्वत नाही.

कुलरबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको, पण ऑफिसच्या डिझाइनमध्ये तो कुणी मोजत नाही. बाहेर 44 अंश आणि वेट बल्ब, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, 23 असेल तर 80 टक्के कार्यक्षमतेचा कुलर 27 अंशांची हवा देतो. लॉबी, कँटीन, जिने, सिक्युरिटी केबिन यांना मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत ते पुरेसं आहे. पाऊस सुरू झाला की वेट बल्ब चढतो आणि कुलर नुसता दमट करतो, म्हणून पूर्ण इमारत त्यावर टाकू नका. पाण्याचा हिशेबही ठेवा: एक लिटर पाणी उडालं की सुमारे 0.67 युनिट उष्णता जाते, म्हणजे 10 टन थंडाव्याला तासाला 50 लिटरच्या वर. वीज वाचवताना पाणी किती खर्ची पडलं ते आकडेवहीत समोरासमोर लिहा.

टेंडर, बदल आणि मानांकन

‘अमुक ब्रँड किंवा समतुल्य’ हे वाक्य ग्रीन डिझाइनचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याजागी आकडा लिहा: एसएचजीसी 0.27 पेक्षा जास्त नाही, प्रकाशाचं प्रमाण 0.35 पेक्षा कमी नाही, चाचणी अहवाल मालासोबत. मग ब्रँड कोणताही चालतो. पहिली पूर्ण खिडकी, काच-फ्रेम-सीलंट-भिंतीसकट, नमुना म्हणून बसवून घ्या आणि पाइपनं पाणी मारून तपासा. ती पास झाल्याशिवाय बाकीच्या मालाची ऑर्डर नाही. बदलाचा अर्ज एका पानाचा ठेवा आणि त्यात एकच प्रश्न ठळक: या बदलानं आकडेवहीतली कोणती ओळ हलते? ‘कोणतीच नाही’ असं उत्तर असेल तर ते लिहिणाऱ्याची सही. खर्च कपातीच्या बैठकीत तर ही वही टेबलावर हवीच, कारण कपातीत आधी जातात त्या न दिसणाऱ्या गोष्टी: इन्सुलेशन, सब-मीटर, सेन्सर. लॉबीचं ग्रॅनाइट शेवटपर्यंत टिकतं.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, ग्रीन मानांकनाला मूळ एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणावर, 3, 5 किंवा 7 टक्के वाढ मिळते. गृहा या मानांकनाचे तीन, चार, पाच तारे किंवा आयजीबीसी या मानांकनाचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या क्रमानं. ही वाढ घेतली की मानांकन ही हौस राहत नाही, देणं होतं. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ठरलेला दर्जा हुकला तर दंड बसतो. त्यामुळे काठावरचे गुण धरून अर्ज करू नका. चार-पाच गुण जास्तीचे हाताशी ठेवा, आणि प्रत्येक गुणाचा पुरावा, म्हणजे चलन, फोटो, चाचणी अहवाल, त्या त्या महिन्यातच गोळा करा. दोन वर्षांनी राखेच्या टँकरची चलनं शोधायला बसलं तर मिळत नाहीत.

हे सगळं एका स्वतंत्र घराला किंवा दोन मजली दुकानाला लागत नाही. तिथे एकच इंजिनिअर आणि ही एक शीट पुरते. कन्सल्टंट तीनपेक्षा जास्त झाले की मात्र मधल्या जागा सांभाळणारा वेगळा माणूस हवा, आणि त्याची फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यात ठेवू नका. खर्च वाढला की फी वाढते, हे उलटं आमिष आहे.

चालवून पाहणं

इमारत ताब्यात देताना एसी ‘चालू होतो’ एवढं पाहून सही करतात. डिझाइन खरं उतरलं का ते तेव्हा कळतच नाही. प्रत्येक ग्रिलवरची हवा मोजून ती ठरलेल्या प्रमाणाच्या 10 टक्के इकडे-तिकडे आहे का पाहायचं. पंपाला व्हीएफडी, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं यंत्र, बसवलेला असतो, पण तो हाताने 50 हर्ट्झवर अडकवून ठेवलेला असतो आणि झडप अर्धी बंद करून पाणी दाबलेलं असतं. असा व्हीएफडी नसल्यातच जमा. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर कपाटामागे गेलेला सापडतो. हे ठेकेदाराच्या माणसानं नव्हे, कमिशनिंगसाठी वेगळ्या नेमलेल्या माणसानं तपासावं, आणि एकदा नव्हे, वर्षात तीनदा: मे महिन्यात पूर्ण भारावर, ऑगस्टमध्ये दमटपणावर, आणि डिसेंबरमध्ये, जेव्हा कुलिंग कमीत कमी असायला हवं. ताबा पावसाळ्यात झाला तर मेची चाचणी पुढच्या वर्षी येते, म्हणून ठेकेदाराच्या बिलातले 5 टक्के त्या चाचणीपर्यंत राखून ठेवण्याची अट टेंडरमध्येच हवी. नंतर ती कुणी मान्य करत नाही.

सब-मीटर वेगळे हवेत: एसी, दिवे, सॉकेट, लिफ्ट-पंप, सोलर. इलेक्ट्रिकल लाइन डायग्राममध्ये ते टेंडरच्या वेळीच दाखवा. नंतर बसवायचे तर पॅनेल उघडून बसबार तोडावे लागतात. पहिल्या वर्षी दर महिन्याला चौरस मीटरमागे युनिट काढा आणि डिझाइनच्या आकड्याशेजारी लिहा. एक आकडा मात्र आठवड्यातून पाहायचा: रात्री दोनचं वाचन. ऑफिस रिकामं असताना भार दिवसाच्या चौथाईपेक्षा जास्त असेल, तर आधी सर्व्हर रूम, मग ताज्या हवेचे पंखे, मग टॉयलेटचे एक्झॉस्ट, या क्रमानं काय बंद करायचं राहून जातंय ते शोधायला सुरुवात करा.